मोठ्या चाकांची कुरकुर

छोट्या मोटारीला मोठी चाके बसवण्याची आवड आता शहरापुरती राहिलेली नाही. सावदा, फैजपूर, चिनावल, निंभोरा या आपल्या केळीच्या पट्ट्यातही ती चांगलीच रुजली आहे. शहरातला तरुण चाके बदलतो तो बहुधा देखाव्यासाठी. आपल्याकडे कारण वेगळे सांगितले जाते. शिवरस्त्यात गाडीचे पोट घासते, म्हणून चाके वाढवली. हे कारण खोटे नाही. अल्टो ८०० सारख्या गाडीचे पोट जमिनीपासून १६० मिलिमीटर वर असते, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. केळीचे घड वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात त्याहून खोल जातात. मग घरातला मुलगा एक दिवस भुसावळला किंवा जळगावला जातो आणि चार जाडजूड चाके बसवून येतो. गाडी रुबाबदार दिसते. घरची मंडळी कौतुक करतात.

आणि आठवड्याच्या आत गाडी आवाज करू लागते.

या आवाजांचे पुढे दोन प्रकारे होते. एक तर गाडीतला टेप मोठा करून आवाज झाकला जातो. नाहीतर एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे फेऱ्या सुरू होतात आणि एकेक सुटा भाग बदलला जातो. पहिल्या प्रकारात जीव धोक्यात येतो, दुसऱ्यात पैसा जातो. वास्तविक पुष्कळसे आवाज घरच्या अंगणात, कसलेही यंत्र न लावता ओळखता येतात.

जुन्या गाडीवानाला हे शिकवावे लागत नव्हते. आख कोरडा पडला की बैलगाडीचे चाक करकरते आणि वंगण मागते. लोखंडी धाव सैल झाली की दगडावर खडखडते. आरा तुंब्यात हलू लागला की प्रत्येक फेऱ्याला एकदा टकटक करतो. अंधारात आवाजावरून कोणाची गाडी आली हे सांगणारी माणसे गावोगाव होती. मोटारीचे चाक त्याच कुळातले आहे. फक्त ते पत्र्याच्या आड असल्यामुळे आपण कान द्यायचे सोडून दिले आहे.

चाक मोठे म्हणजे नेमके काय मोठे?

आवाजाकडे वळण्यापूर्वी टायरवरचे आकडे वाचायला शिकले पाहिजे. टायरच्या बाजूवर १४५/८० आर १२ असे लिहिलेले असते. यातले १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे ११६ मिलिमीटर. १२ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. अल्टो ८०० ला कंपनीकडून येत असे ते माप हेच. रिमचे बारा इंच अधिक वरखाली दोन्हीकडची टायरची उंची, असा हिशेब केला तर पूर्ण चाक ५३७ मिलिमीटर उंच भरते.

आता त्याच गाडीला १५५/८० आर १३ हे चाक बसवले तर उंची ५७८ मिलिमीटर होते. फरक ४१ मिलिमीटरचा. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! याउलट १५५/६५ आर १३ या मापाचे टायर घेतले, जे २०१० मध्ये आलेल्या अल्टो के-१० ला कंपनीच बसवत असे, तर रिम इंचाने मोठी होते पण पूर्ण चाक ५३२ मिलिमीटरच राहते. म्हणजे जुन्यापेक्षा पाच मिलिमीटर कमीच. चाक दिसते मोठे, आवाज फारसा करत नाही, पण शिवरस्त्यात पोट घासायचे ते घासतेच. दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही. तेव्हा 'तेरा इंची चाके' एवढ्यावर सौदा न करता पूर्ण माप विचारावे आणि घरी कागदावर हिशेब मांडावा. मूळ चाकाच्या उंचीत साधारण तीन टक्क्यांपर्यंतचा फरक गाडी सोसते असे या धंद्यातले जाणकार मानतात. वरच्या पहिल्या उदाहरणात तो पावणेआठ टक्क्यांच्या घरात जातो.

या फरकाचे आणखी एक फळ आहे. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी सुमारे ६५ च्या वेगाने धावत असते. शंभर किलोमीटरची नोंद होते तेव्हा खरी धाव जवळजवळ १०८ ची झालेली असते. मोठी चाके लावल्यापासून गाडी पेट्रोल जास्त खाते, ही तक्रार आपण ऐकतो. ती काही अंशी खरी आहे, कारण जड चाक फिरवायला ताकद लागते. पण काही अंशी तो मीटरचा घोटाळा असतो. ब्रेकची गोष्ट मात्र घोटाळ्याची नाही. ब्रेक तेच, चाक उंच, म्हणून तेवढाच पाय दाबला तर जमिनीवर जोर कमी पडतो. पालच्या घाटातून उतरताना हे ध्यानात ठेवावे.

आवाज कोणता, यापेक्षा केव्हा

मिस्त्रीकडे गेल्यावर आपण म्हणतो, "गाडी खरखर करते." त्याने मिस्त्रीला काही कळत नाही. आवाज वळताना येतो की सरळ जाताना? गाडी रिकामी असताना येतो की भरल्यावर? ब्रेक दाबल्यावर बदलतो का? वेगाबरोबर वाढतो का? एवढे सांगितले की अर्धे निदान झालेच म्हणून समजावे.

सावद्याजवळच्या एका मळ्यात हेच झाले. मुलाने चाके बदलली होती आणि मागून मधूनमधून खर्र असा आवाज येई. एका मिस्त्रीने मागचे शॉकअप बदलले. दुसऱ्याने सगळीकडे ग्रीस भरले. आवाज जागच्या जागी. मी त्या घरी केळीवरचा करपा पाहायला गेलो होतो, बोलण्यात गाडीचा विषय निघाला. मुलगा आणि त्याचे वडील आपापले तर्क सांगत होते. तेवढ्यात ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "मी बसली की वरडते, भाऊ. पोरगा एकटा जातो तेव्हा चूप राहते." सगळे हसले. पण दोन मिस्त्र्यांना जे सापडले नाही ते म्हातारीने एका वाक्यात सांगितले होते. ती नेहमी मागे डाव्या बाजूला बसत असे.

आम्ही ओला चुना घेतला आणि मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीला आतून, हात पोचेल तिथवर, बोटाने लावला. मागच्या सीटवर तीन माणसे बसवली, डिकीत खताच्या दोन गोण्या टाकल्या आणि गाडी अंगणातल्या उंचवट्यावरून हळू नेली. खर्र झाले. खाली उतरून पाहतो तर कमानीच्या कडेला चुना पुसून एक स्वच्छ रेघ उमटली होती आणि टायरच्या खांद्यावर पांढरा पट्टा. कमानीचा पत्रा आत दुमडलेला असतो, त्याची धार रोज घासून चकचकीत झाली होती. टायर फिरवून नीट पाहिले तेव्हा रबरात बोटभर लांबीचा चर दिसला आणि त्यात आतले धागे दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी घरातली पाच माणसे त्याच गाडीने बऱ्हाणपूरला लग्नाला निघणार होती. सावद्यावरून जाणाऱ्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीच्या ट्रकांची वर्दळ किती असते हे वाचकांना सांगायला नको. धागे उघडे पडलेले टायर भरल्या गाडीत, उन्हात तापलेल्या डांबरावर केव्हा फुटेल याचा नेम नसतो. नशिबाने जुनी चाके गोठ्यात पडून होती. ती त्याच संध्याकाळी चढवली आणि मंडळी लग्नाला गेली.

चुन्याची ही युक्ती पुढच्या चाकांनाही चालते. पुढे मात्र ओझ्यापेक्षा वळण महत्त्वाचे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी अगदी हळू पुढे न्यावी, मग तशीच मागे घ्यावी. मग दुसऱ्या बाजूला. पुढे जाताना न घासणारे चाक मागे येताना घासते असे पुष्कळदा आढळते, म्हणून दोन्ही पाहावे. घासण्याची जागा बहुधा कमानीच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर किंवा चाकामागचा चिखलपडदा ही असते. तिथे नुसते प्लॅस्टिक घासत असेल तर धोका कमी. टायरची आतली बाजू शॉकअपच्या नळकांड्याला किंवा ब्रेकच्या रबरी नळीला लागत असेल तर मात्र ती गाडी तशी चालवू नये. परीक्षा घेताना एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने दोन हात लांब उभे राहून ऐकावे. चाकाजवळ वाकून हात घालू नये, लहान मुलांना तर अंगणातून आधी घरात पाठवावे.

हवा कमी असली तरी टायर बसते, फुगते आणि घासते. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो, पण तो मूळ चाकांचा. माप बदलले की कोणता आकडा ठेवायचा हे टायर विकणाऱ्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी पाहावी. आपल्याकडे वैशाखात दुपारी मोजलेली हवा जास्तच दिसते. ती जास्त दिसली म्हणून काढून टाकली तर रात्री टायर मऊ पडते.

या आवाजाला मात्र जागीच थांबा

गाडी सुरू करताना किंवा ब्रेक लावताना एकदाच ठक्क असा आवाज, आणि हळू चालताना चाकातून कटकट किंवा टकटक, त्याबरोबर स्टिअरिंगला थोडी लडबड. नवी चाके बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत हे जाणवले तर आधी एकच शंका घ्यावी: नट सैल. रस्त्याच्या कडेला थांबून पान्याने पाहावे. घरी जाऊन पाहू, असे म्हणू नये. चाक निसटले तर गाडी आपली राहत नाही.

नट सैल का होतात? मोटारीच्या चाकाच्या नटाचे तोंड बहुधा निमुळते असते आणि ते रिमच्या भोकातल्या तशाच निमुळत्या बैठकीत जाऊन बसते. बाजारातल्या अलॉय रिमला कधी वेगळ्या आकाराची बैठक असते, तिला तिचेच नट लागतात. जुने नट लावले तर हाताला घट्ट लागतात, पण बैठक धरत नाहीत. दुसरे कारण आपल्या मातीचे. रिम आणि हब यांच्या मध्ये वाळलेल्या चिखलाची पापडी किंवा गंज राहिला की नट त्याच्यावर आवळले जातात, आणि तो भुगा झाला की सैल पडतात. म्हणून रिम चढवण्यापूर्वी दोन्ही तोंडे तारेच्या ब्रशाने साफ करावीत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पान्यावर उभे राहून लाथेने आवळण्याची जी पद्धत आहे तिने नट नव्हे, खिळे ताणले जातात. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत. हे शेवटचे काम दहातले नऊ जण करत नाहीत असे माझे मत आहे.

जुनी रिम विकत घेताना फूटपट्टी खिशात असावी. चार भोकांच्या रिममध्ये समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजावे. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ते १०० मिलिमीटर किंवा ११४.३ मिलिमीटर असे दोन प्रकारचे आढळते. आपल्या गाडीचे आणि रिमचे अंतर तंतोतंत जुळले पाहिजे. भोके घासून रुंद केलेली रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

हबवर चढणारे रिमचे मधले भोक मोठे असेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. त्यासाठी मध्ये बसवायची कडी मिळते. पण थरथर जाणवताच चाके बॅलन्स करायला पळू नये, आधी चाके धुवावीत. काळ्या मातीचा गोळा रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळला की तोही चाकाला तसेच हलवतो. नळाखाली चाके धुऊन पाहायला पैसे पडत नाहीत.

काळी माती मोठ्या चाकाचा आणखी एक सूड घेते. चाक वाढते तसे टायर आणि कमान यांच्यातले अंतर कमी होते. ओल्या शिवारात गाडी घातली की चिखल टायरबरोबर वर जातो, कमानीत ठासून बसतो आणि दुपारी विटेसारखा वाळतो. मग चाक त्या विटेवर घासू लागते. चिखलातून जाता यावे म्हणून चाक मोठे केले आणि त्यामुळेच चिखल अडकला, असे हे आहे. बागेत जाणाऱ्या गाडीत केळीच्या वाळल्या सोपटाचा पेंढा किंवा ठिबकच्या नळीचा तुकडाही चाकामागे गुंतलेला सापडतो. त्याची फडफड ऐकून मिस्त्री गाठण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे. टायरच्या नक्षीत रुतलेला खडाही असाच फसवतो. त्याची टिकटिक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येते. मोठे चाक एका फेऱ्यात सुमारे एक मीटर ऐंशी सेंटीमीटर जाते, म्हणजे ताशी वीसच्या वेगाला सेकंदात तीन टिकटिक. आवाज या तालात असेल तर तो चाकाचाच.

आता राहिली घरघर, जी वेगाबरोबर चढत जाते. नक्षी जाड असलेले टायर मुळातच घोंघावते, आणि बेअरिंग खराब झाले तरी तसाच आवाज येतो. दोन्हींतला भेद असा की डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो, आणि त्या वेळी घरघर वाढली तर उजवे बेअरिंग संशयित. क्लच दाबल्यावरही आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नव्हे. पूर्ण वळणावर गाडी ओढताना पुढून कटकट आली तर चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा पाहावा. त्याच्यावरचा रबरी बूट फाटला की माती आत जाते आणि सांधा झिजतो. चाक हलवून तपासायचे तर गाडी सपाट जागेवर जॅकने उचलावी, बाकीच्या चाकांना दगड लावावेत आणि खाली मजबूत घोडी ठेवावी. विटांवर गाडी टेकवून खाली शिरू नये. वीट फुटते तेव्हा सूचना देत नाही.

घासणे थांबवण्याचे म्हणून जे उपाय दुकानात सुचवले जातात त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. कमानीची धार ठोकून वर वळवतात, तिथला रंग उडतो आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवतात, त्याने गाडी उचलते खरी, पण खड्ड्यात धाड् असा दणका थेट पाठीला बसतो. रिम आणि हब यांच्यात चकती घालून चाक बाहेर काढणे हा सर्वांत वाईट उपाय. आखाच्या टोकाला ओझे टांगावे तसा भार बेअरिंगवर येतो, आणि आधी घासण्याचा आवाज होता तिथे पुढे घरघर येते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या गाडीसाठी जी मापे दिली आहेत त्यांतलेच निवडावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

जुनी चाके मात्र दुकानदाराला बदल्यात देऊन टाकू नयेत. किंमत थोडीच येते, आणि आवाजाची सर्वांत खात्रीची परीक्षा त्यांच्यावरच होते. जुनी चाके चढवून तोच रस्ता, तेच ओझे घेऊन फिरून यावे. आवाज गेला तर दोष नव्या चाकांत, राहिला तर गाडीत. या परीक्षेला अर्धा तास लागतो. स्टेपनीही बहुतेक घरी जुन्याच मापाची राहते. रस्त्यात पुढचे चाक पंक्चर झाले तर ही लहान स्टेपनी पुढे लावू नये, कारण पुढच्या दोन चाकांच्या उंचीत फरक पडला की गाडी एका बाजूला ओढते. मागचे एक मोठे चाक काढून पुढे लावावे, स्टेपनी मागे बसवावी आणि हळू चालत पंक्चरवाल्यापर्यंत जावे. हे काम दिवसाउजेडी घराच्या अंगणात एकदा करून पाहावे. पाना नव्या नटांना बसतो की नाही हेही तेव्हाच कळते.